पित्ताशय काढल्यानंतर अहवालात दुर्मीळ वाढ आढळली तर

तासगाव तालुक्यातील एका भगिनींनी आपल्या आईच्या अहवालाबद्दल विचारले आहे. आईंचे वय ५८ आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखू लागल्याने सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे दिसले आणि सांगलीत दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्यात आले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आई घरीही आल्या. त्यानंतर आलेल्या बायोप्सीच्या अहवालात मात्र खडे आणि जुनाट दाह यांच्याबरोबर १.६ सेंटीमीटर आकाराच्या एका वाढीची नोंद आहे आणि तिचे नाव ‘इंट्राकोलेसिस्टिक पॅपिलरी निओप्लाझम, लो ग्रेड डिस्प्लेझिया’ असे दिले आहे. हा कर्करोग आहे का, सोनोग्राफीत ही वाढ का दिसली नाही, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का आणि लगेच मुंबईला जावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

सांगली-मिरज परिसरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना पित्ताशयाचा नमुना हा माझ्या टेबलावर नित्य येणारा नमुना आहे, म्हणून या प्रश्नांचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, अहवालात जे शब्द लिहिले आहेत तेवढ्यांचा अर्थ कर्करोग असा होत नाही. पित्ताशयाच्या आतल्या अस्तरातून पोकळीच्या दिशेने वाढणारी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी बारीक तुऱ्यांची ही वाढ असते. तिच्या पेशी सामान्य पेशींपेक्षा बदललेल्या असतात, परंतु हा बदल सौम्य प्रतीचा आहे आणि पेशी भिंतीत शिरलेल्या नाहीत, असे हा अहवाल सांगतो. ही वाढ कर्करोगाच्या आधीच्या टप्प्यावरची मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे आणि साधारणपणे १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या वाढीलाच हे नाव दिले जाते. पन्नाशी-साठीतील स्त्रियांत ती तुलनेने अधिक आढळते. काढलेल्या हजार पित्ताशयांत ती मोजकीच, चार-पाच ठिकाणी सापडावी, इतकी विरळ आहे.

तरीही ‘कर्करोग नाही’ एवढे ऐकून फाईल कपाटात ठेवू नये. या वाढीच्या प्रकाशित झालेल्या मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पित्ताशयात, त्या वाढीत किंवा तिच्यापासून दूर दुसऱ्या ठिकाणी, भिंतीत शिरलेला कर्करोगही सापडला होता. हा आकडा वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्यात प्रगत आणि तीव्र प्रतीचे बदल असलेले रुग्णही आहेत, तर आपल्या आईंच्या अहवालात बदल सौम्य प्रतीचा आहे. मात्र या आकड्यामुळे एक प्रश्न अत्यंत महत्त्वाचा ठरतो. ‘भिंतीत शिरकाव नाही’ हे विधान पित्ताशयाचा किती भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केले गेले आहे?

हे समजण्यासाठी नमुन्याची तपासणी कशी होते ते थोडे सांगावे लागेल. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयातून नेहमीच्या पद्धतीने तीन-चार छोटे तुकडे घेतले जातात: तळाचा, मधल्या भागाचा, मानेचा आणि पित्ताशयनलिकेच्या कापलेल्या कडेचा. प्रत्येक तुकडा मेणात बसवून ब्लॉक तयार होतो आणि त्या ब्लॉकमधून केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतला जातो. दाह आणि खडे एवढेच असतील तर हे पुरेसे असते. वाढ दिसली की हे प्रमाण बदलायला हवे. वाढ आणि तिच्या बुडाची भिंत संपूर्ण तपासली पाहिजे, उरलेल्या पित्ताशयातूनही भरपूर तुकडे घेतले पाहिजेत आणि माझ्या मते या विशिष्ट वाढीत पूर्ण पित्ताशयच ब्लॉकमध्ये गेले पाहिजे. शिरकाव झालेला भाग काही मिलिमीटरचाच असू शकतो आणि तो नेमका न घेतलेल्या तुकड्यात राहून गेला, तर सौम्य म्हणून लिहिलेला अहवाल प्रत्यक्षात अपुरा ठरतो.

आपण पाठवलेल्या अहवालात किती ब्लॉक घेतले आणि पित्ताशयनलिकेची कड कशी आहे, या दोन्हींचा उल्लेख दिसत नाही. तपासणी झाली असेल आणि केवळ लिहायचे राहिले असेल, असेही शक्य आहे. म्हणून आजच संबंधित प्रयोगशाळेत जाऊन विनयाने विचारावे की, वाढ पूर्ण तपासली आहे का, कडेवर बदललेल्या पेशी आहेत का आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवलेला उरलेला नमुना अजून शिल्लक आहे का. या तिसऱ्या प्रश्नाला घाई आहे. मेणाचे ब्लॉक आणि काचा वर्षानुवर्षे जपून ठेवल्या जातात, परंतु बरणीतील उरलेला नमुना अहवाल दिल्यानंतर काही आठवड्यांतच नष्ट केला जातो. तो शिल्लक असेल तर आणखी तुकडे घेऊन पुरवणी अहवाल देता येतो आणि अशी विनंती केल्याने कोणत्याही पॅथॉलॉजिस्टचा अपमान होत नाही. उलट मला स्वतःला असे विचारणारे नातेवाईक भेटले की समाधान वाटते.

आता सोनोग्राफीबद्दल. खडा ध्वनिलहरी अडवतो, त्यामुळे त्याच्या मागे काळी सावली पडते आणि रुग्णाने कूस बदलली की तो घरंगळतो. भिंतीला चिकटलेली मांसल वाढ हलत नाही आणि तिची सावलीही पडत नाही. एवढ्यावर दोघांतील फरक सहज ओळखता येईल असे वाटते, पण पित्ताशय खड्यांनी भरून आकसलेले असेल, आत दाट गाळ साचला असेल किंवा खडे नेमके वाढीच्या पुढ्यात असतील, तर अनुभवी रेडिऑलॉजिस्टलाही आतली वाढ दिसत नाही. सोनोग्राफी करणाऱ्याने निष्काळजीपणा केला, असा निष्कर्ष कृपया काढू नये. या गटातील बहुतेक दुर्मीळ वाढींचे निदान पित्ताशय बाहेर आल्यावरच होते.

पुढच्या निर्णयासाठी पित्ताशयाच्या भिंतीची रचना ठाऊक असणे उपयोगाचे आहे. आतड्याच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक स्वतंत्र थर असतो. पित्ताशयात तो नसतो. अस्तर, त्याखालची नाजूक ऊती, लगेच पातळ स्नायू, त्याबाहेर सैल ऊती, एवढाच तो पडदा आहे आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला तर बाहेरचे आवरणही नसते. त्यामुळे भिंतीत शिरलेल्या पेशींना बाहेर पडायला फार अंतर कापावे लागत नाही. म्हणूनच कर्करोग सापडलाच तर तो किती खोल गेला आहे यावर सगळे ठरते. अस्तराखालच्या ऊतीपर्यंतच असेल आणि नलिकेची कड स्वच्छ असेल, तर पित्ताशय काढले एवढाच उपचार पुरेसा धरला जातो. स्नायूपर्यंत पोहोचला असेल तर बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. स्नायूपलीकडे गेला असेल आणि रोग अन्यत्र पसरलेला नसेल, तर यकृताचा लगतचा भाग आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीच्या, २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीत तर स्नायूपलीकडचा शिरकाव पोटाच्या पोकळीच्या बाजूला आहे की यकृताच्या बाजूला, यालाही वेगवेगळे क्रमांक दिले आहेत, कारण यकृताच्या बाजूचा शिरकाव अधिक वाईट वागतो. अहवालात ही बाजू लिहिलेली नसेल, तर पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची मोठी अडचण होते.

येथे एक सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही हवी. जुनाट दाह असलेल्या पित्ताशयात अस्तराच्या खोल घड्या स्नायूपर्यंत उतरलेल्या असतात. रोकिटान्स्की आणि आशॉफ या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. बदललेल्या पेशी अस्तरावरून सरकत या घड्यांत उतरल्या, तर त्या भिंतीत शिरल्याचा भास होतो. हा खरा शिरकाव नव्हे. म्हणून सौम्य वाढीला कर्करोग म्हणण्याचा धोकाही तितकाच खरा आहे आणि अशा काचा दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने पाहणे दोन्ही कारणांसाठी हिताचे असते.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का, याचे उत्तर आता देता येईल. संपूर्ण तपासणीनंतरही शिरकाव नाही, बदल सौम्य प्रतीचाच आहे आणि नलिकेची कड स्वच्छ आहे असे ठरले, तर झालेली शस्त्रक्रिया पुरेशी आहे. कडेवर तीव्र प्रतीचा बदल सापडला, तर पित्तनलिकांचा एमआरआय करून उरलेला नलिकेचा तुकडा काढण्याचा विचार होतो. शिरकाव सापडलाच, तर सीटी स्कॅन करून वर सांगितल्याप्रमाणे खोलीनुसार निर्णय होतो आणि अशी दुसरी शस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांच्या काळात करणे अनेक तज्ज्ञ पसंत करतात. म्हणजे ब्लॉक पुन्हा पाहण्यासाठी वेळ आहे, मात्र महिनोन्महिने घालवण्याइतका नाही. सगळे स्वच्छ निघाले तरी आईंना पूर्णपणे विसरून जाऊ नये, असे माझे मत आहे. ज्या पित्तमार्गाच्या अस्तरात एका जागी असा बदल झाला, तिथे पुढे दुसऱ्या जागी तो होण्याची थोडी शक्यता राहते. म्हणून पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्त तपासण्या कराव्यात आणि कावीळ, लघवीचा गडद रंग, अंगाला खाज किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

आईंच्या निमित्ताने इतर दुर्मीळ वाढींबद्दलही लिहितो, कारण अशी अनोळखी नावे वाचून कुटुंबे हवालदिल होतात आणि त्यांपैकी पुष्कळ नावे निरुपद्रवी असतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस या आजाराने. नाव भयंकर वाटले तरी ही गाठ नव्हे, हा दाहाचाच एक प्रकार आहे. पित्त भिंतीत झिरपते, ते साफ करण्यासाठी आलेल्या पेशी चरबीने फुगून फेसाळ दिसू लागतात आणि भिंत इतकी जाड व कडक होते, आजूबाजूच्या अवयवांना इतकी चिकटते की सीटी स्कॅनवर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही ती कर्करोगासारखीच भासते. कित्येकदा कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाहच निघतो. याउलट दाहाच्या या जाड भिंतीत खरा कर्करोग लपलेला असण्याचीही शक्यता असते, म्हणून येथेही भरपूर तुकडे घ्यावेच लागतात. अडिनोमायोमॅटोसिस हे नावही असेच आहे. स्नायू जाड होऊन त्यात अस्तराच्या घड्या अडकलेल्या असतात आणि तो कर्करोग नसतो. कोलेस्टेरॉलचे पॉलिप तर पॉलिपांपैकी सर्वांत जास्त आढळणारे आणि निरुपद्रवी आहेत. कधी पित्ताशयाच्या भिंतीत जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या ऊतीचा छोटा बेट सापडतो. तो जन्मतःच तेथे राहिलेला असतो आणि त्याला उपचार लागत नाही. पायलोरिक ग्लँड अडिनोमा ही बहुधा लहान, देठावर लोंबणारी सौम्य गाठ असते.

न्यूरोएंडोक्राइन गाठींबद्दल, म्हणजे संप्रेरके तयार करू शकणाऱ्या पेशींच्या गाठींबद्दल, मात्र थांबून वाचावे. शरीरातील अशा एकूण गाठींपैकी एक टक्क्याहून कमी गाठी पित्ताशयात आढळतात. पित्ताशयाच्या निरोगी अस्तरात या जातीच्या पेशी सहसा नसतात. दीर्घकाळच्या दाहामुळे अस्तराचे रूप पालटते आणि मग त्या तेथे दिसू लागतात, असे मानले जाते. त्यांची ओळख क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायझिन या विशेष रंजनांनी, म्हणजे ठरावीक पेशींनाच रंग देणाऱ्या चाचण्यांनी, पटते आणि की-६७ या रंजनाने पेशींच्या विभाजनाचा वेग कळतो. हा निर्देशांक ३ टक्क्यांखाली असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० असेल तर दुसरी आणि २० च्या वर तिसरी; श्रेणी ठरवताना विभाजन होत असलेल्या पेशी प्रत्यक्ष मोजून त्यांचाही विचार केला जातो. पहिल्या श्रेणीतील लहान गाठ आणि लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा यांच्या नावात साम्य असले तरी वागणुकीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरा झपाट्याने पसरतो आणि त्याला केमोथेरपी लागते. कधी नेहमीचा कर्करोग आणि न्यूरोएंडोक्राइन कर्करोग एकाच गाठीत असतात; दोन्ही भाग किमान ३० टक्के असतील तर त्याला मिश्र गाठ म्हणतात. ही विशेष रंजने तालुक्याच्या ठिकाणी होत नाहीत, ब्लॉक मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात आणि अहवालाला आठवडाभर अधिक लागतो. या विलंबाने नातेवाईक अस्वस्थ होतात, पण घाईने दिलेल्या अर्धवट नावापेक्षा आठ दिवसांनी आलेले खरे नाव रुग्णाच्या कामाचे असते.

पॅरागँग्लिओमा आणि ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या त्याहूनही विरळ गाठी आहेत. पहिली भिंतीतील मज्जासंस्थेशी जोडलेल्या पेशींची, दुसरी मज्जातंतूंच्या वेष्टणाच्या पेशींची. दुसरी बहुतेक वेळा सौम्य असते आणि पित्ताशयापेक्षा पित्तनलिकेत जास्त आढळते. पॅरागँग्लिओमाच्या बाबतीत घराण्यात अशा गाठी आहेत का आणि रक्तदाबाचे झटके येतात का, हे विचारून ठेवावे. कधी पित्ताशयातील गाठ मूळची तेथील नसून त्वचेच्या मेलॅनोमासारख्या दुसऱ्या कर्करोगाची पसरण असते, म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास पॅथॉलॉजिस्टला कळवणे गरजेचे आहे. तपासणीच्या फॉर्मवर वय आणि ‘गॉलब्लॅडर’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो, तेव्हा आम्हाला अंधारात काम करावे लागते.

शस्त्रक्रियागृहातून प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासाबद्दल मला मनापासून सांगायचे आहे, कारण पुष्कळ निदाने तिथेच हातची जातात. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिले पित्ताशय काढले आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतात ते दुर्बिणीद्वारे काढायला सुरुवात केली. आज विटा, इस्लामपूर, कराडसारख्या गावांतही ही शस्त्रक्रिया सर्रास होते. जतपासून ते सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे रुग्ण तिच्यासाठी मिरजेला येतात. संख्या वाढली तशा दुर्मीळ गोष्टीही समोर येणारच, पण त्यासाठी प्रत्येक पित्ताशय तपासणीला गेले पाहिजे. काही ठिकाणी खडे डबीत घालून नातेवाइकांना दाखवले जातात आणि पित्ताशय मात्र टाकून दिले जाते. नेदरलँड्ससारख्या देशात डोळ्यांना निरोगी दिसणारे पित्ताशय न तपासण्याचे धोरण स्वीकारले गेले आहे, परंतु तेथे शल्यचिकित्सकाने ते उघडून पद्धतशीर पाहणे आणि हाताने चाचपणे अपेक्षित असते. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात खूप आणि आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो, हे खरे आहे; पण त्यामुळेच आपल्याकडे संशयाची सवय कमी आहे. तपासणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो आणि तो वाचवू नये.

नमुना पाठवण्याची रीतही महत्त्वाची आहे. पित्ताशयाचे अस्तर अत्यंत नाजूक असते. पित्तात बुडून राहिले की काही तासांत ते गळून जाते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसता सांगाडा उरतो. म्हणून पित्ताशय यकृताच्या विरुद्ध बाजूने उघडून, पित्त काढून, नमुन्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवले पाहिजे. सलाइन किंवा स्पिरिट चालत नाही. अरुंद बाटलीत कोंबलेले पित्ताशय त्याच आकारात घट्ट होते आणि नंतर कोणती बाजू यकृताची होती हे सांगणे अवघड जाते. सांगलीसारख्या शहरात बरेचदा बरणी नातेवाइकांच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवले जाते. तशी वेळ आली तर बरणीवर नाव, दिनांक आणि आत फॉर्मॅलिन असल्याची खात्री करून घ्यावी आणि त्याच दिवशी ती पोहोचवावी. शस्त्रक्रियेच्या वेळी पित्ताशय फाटून पित्त पोटात सांडले होते का आणि ते पिशवीत घालून बाहेर काढले का, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यावे. कर्करोग निघाला तर सांडलेल्या पित्तामुळे तो पोटात पसरण्याचा धोका वाढतो आणि पुढच्या डॉक्टरांना हे कळलेच पाहिजे.

शेवटचा प्रश्न मुंबईचा. आईंना घेऊन आजच निघण्याची गरज नाही. आधी त्यांचे ब्लॉक तज्ज्ञांपर्यंत पोहोचू द्यावेत. प्रयोगशाळेकडून सर्व ब्लॉक, काचा आणि मूळ अहवाल लेखी पोच देऊन घ्यावेत. ब्लॉक हा रुग्णाच्या शरीराचा भाग आहे आणि दुसऱ्या मतासाठी तो मागता येतो. पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीचा अनुभव असलेल्या मिरज, कराड, पुणे किंवा मुंबई येथील मोठ्या रुग्णालयात ते दाखवावेत. टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग केंद्रात बाहेरून आलेल्या काचा तपासण्याची व्यवस्था आहे. सोबत शस्त्रक्रियेची नोंद, आधीची सोनोग्राफी, यकृताच्या रक्त तपासण्या आणि पूर्वीच्या कोणत्याही गाठीचे कागद न्यावेत. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, मेण वितळते. दुसऱ्या मतात शिरकाव आढळला तरच आईंना यकृत-पित्तमार्गाच्या शल्यचिकित्सकाकडे प्रत्यक्ष न्यावे लागेल. तोपर्यंत त्यांनी नेहमीचा आहार घ्यावा आणि टाके भरून आल्यावर शेतातली हलकी कामेही करायला हरकत नाही.